ताईचा रिपोर्ट झिरो

माझ्या ताईला लस लागली नाही. एकदा नाही, दोनदा.

आज सकाळी ताई गेली. हे लिहायलाच हवं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ताई नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये ब्लड काढायची. सुई टोचून होणारी कावीळ, हिपॅटायटिस बी, तिची लस डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला दिली.

सगळ्यांनी दंडात घेतली. ताईने हट्टाने कमरेत.

"दंड दुखला तर ब्लड काय तुम्ही काढणार?" हे तिने डॉक्टरांनाच ऐकवलेलं.

नंतर लस लागली का ते बघायला रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या. सगळ्यांच्या छान. ताईच्या झिरो.

डॉक्टर वैतागले. "कमरेत चरबी असते, तिथे ही लस नीट लागत नाही. आता गपचूप दंड पुढे कर."

पुन्हा अख्खा कोर्स, दंडात.

पुन्हा झिरो.

घरात कुणाला पटेना. बारा महिने शिंकणारी मी. ताईला साधा तापही यायचा नाही.

मग डॉक्टरांनी समजावलं. काहींचं शरीर ही लस ओळखतच नाही. ते आईवडिलांकडून येतं, तब्येत कितीही ठणठणीत असो. भावंडांतही असू शकतं.

त्या संध्याकाळी ताई डोंबिवलीच्या घरात चपला न काढताच माझ्यापाशी आली. मी कल्याणला डायलिसिसला नर्स म्हणून लागणार होते. लस घेऊन निर्धास्त.

"उद्या माझ्याबरोबर चल. अँटीबॉडी तपासल्याशिवाय तू जॉइन व्हायचं नाहीस."

"अगं, पण तुझं काय?"

"माझं कळलंय. तुझं कळायचंय."

माझ्या भरपूर निघाल्या. त्याच आईबाबांच्या आम्ही दोघी! ताईने लॅबभर पेढे वाटले.

आई तिला म्हणाली, "सोड ती नोकरी."

"लस लागली नाही म्हणून माझे हात थोडेच गळालेत?"

रिटायर होईपर्यंत ती ब्लड काढत राहिली. सुईला परत टोपण लावायची तेव्हा सगळ्यांना सवय, आणि त्यातच ती बोटात घुसायची. ताईने ती मोडली, स्वतःची आणि इतरांचीही. वापरलेली सुई थेट पत्र्याच्या डब्यात. ग्लोव्हजशिवाय कुणाला हात लावायची नाही. लोक नखरे म्हणायचे. कावीळ तिच्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

फार अभिमान वाटतो गं तुझा.

परवा हॉस्पिटलमध्ये एक नवी नर्स ग्लोव्हज न घालताच तिचं ब्लड काढायला आली. ताईला धड बोलवत नव्हतं, तरी तिने हात मागे घेतला.

"आधी ग्लोव्हज घाल गं बाळा. लस घेतलीस ना? अँटीबॉडी तपासल्यास?"

ताई, त्या मुलीने आज स्वतःचं ब्लड तपासायला दिलं. मला मुद्दाम येऊन सांगून गेली.

आता सुखाने जा. तुझ्या धाकटीचा नमस्कार.