पडद्यामागची सतरंजी

कुरुंद्याच्या जळबानं सारी उमर तंबूच्या टॉकीजमध्ये मशीन चालवण्यात काढली. देवादिकांचे, मारामारीचे, सगळे पिक्चर त्यानं दाखवले, पण जीव होता सासुरवासाच्या पिक्चरवर. सासू सुनेपुढचं ताट ओढते, सून उंबऱ्याशी उभी राहते आणि तंबूत बाया नाकं शिंकरतात. त्या नाकांवरून जळबा सांगायचा, पिक्चर चार दिवस चालणार की आठ. तंबू गेले तसे ते पिक्चरही गेले. आता सुना मोबाइलवर बघतात, आणि मोबाइलवर काही रडू येत नाही, असं त्याचं पक्कं मत. रडायला शेजारीण लागते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बचत गटाच्या प्रतीक्षानं त्याला एक पिक्चर दाखवायला सांगितलं खरं, पण अट घातली. बाया हसल्या तर पुढल्या साली पैठणीचा खेळ ठेवायचा, पिक्चरचं नाव काढायचं नाही. पोरगी बोलायला गोड, पण शब्दाची पक्की. तंबूतला एकही पिक्चर न चुकवणाऱ्या शकुबाईची सून ती; सासूला आत्या म्हणते, आणि सासूसारखीच असणार.

तेव्हापासून जळबाला अन्न गोड लागेना. हळदीकुंकवाच्या दुपारी त्यानं गावच्या सभागृहाच्या खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला. मधोमध पडदा म्हणून पातळ धोतर ताणून बांधलं, सतरंजी अंथरली, वसमतहून आणलेलं मशीन चारदा पुसलं. बाया वाण घेऊन बसल्या. पिक्चर लागला, पडद्यावर नाव आलं, आणि धोतरापलीकडं एकच हशा झाला.

"मामा, नाव उलटं दिसून राहिलंय," प्रतीक्षा तिकडून म्हणाली.

तेव्हा जळबाच्या ध्यानात आलं. तंबूत गडी पडद्यापुढं बसायचे आणि बाया पडद्यामागं. त्याच सवयीनं हातांनी आजही सतरंजी मागंच टाकली होती. आणि हळदीकुंकवाला गडी कुठले? पुढं जळबा एकटा आणि मशीन.

तो उठायला लागला, तेवढ्यात शकुबाईचा आवाज आला. "बस रे जळबा. आमी जनमभर असंच बघितलं. मला तर वाटायचं, पिक्चरमधल्या साऱ्या सासवा डावखुऱ्याच ऱ्हातात."

पुन्हा हशा. म्हातारीनं आपली बाजू घेतली का घालवली, हेच जळबाला कळेना.

मग हसणं थांबलं. हे तर त्याहून वाईट. पलीकडचं काही दिसत नव्हतं. धोतराखालून दाराशी काढलेल्या चपला तेवढ्या दिसत होत्या, त्यांच्यावरच त्यानं नजर ठेवली. एक जोड गेला. म्हशीच्या धारेची वेळ झाली असेल. दुसरा गेला. आता ही कुणाची म्हैस? ताट ओढायचा सीन जवळ आला. जळबानं कान लावला. एक नाक वाजेना.

तेवढ्यात धोतराच्या कडेनं प्रतीक्षा इकडं आली. आता ही बंद करायला सांगणार, म्हणून त्यानं आपणच बटणावर बोट ठेवलं.

"बंद नका करू," ती हळूच म्हणाली. "मला इथं बसू द्या."

"काहून? सरळ बघायचंय?"

"तिकडं आत्या माझ्या शेजारीच बसल्यात." तिनं पदर तोंडाला लावला. "त्यांच्यासमोर कसं रडू?"

जळबानं खांद्यावरचं उपरणं तिच्यासाठी खाली अंथरलं. पडद्यावर सासूनं ताट ओढलं, आणि पलीकडं एक नाक दणक्यात वाजलं. ते शकुबाईचं, हे जळबाला इतक्या वर्षांच्या सवयीनं कळलं. सुनेलाही कळलं असावं, कारण रडता रडताच तिला हसू फुटलं.

"मामा," डोळे पुसत ती म्हणाली, "पुढल्या साली सतरंज्या दोन आणा. एक इकडं, सुनांची."