चुन्याचे बूट

काल रंगाऱ्यानं अंगणात कळीचा चुना भिजवला. तो खदखदू लागला आणि त्या वासानं मला घाटंजीच्या शाळेत, लहानपणच्या एका सव्वीस जानेवारीला नेऊन सोडलं.

लेझीमला पांढरे बूट हवेतच, असं बाईंनी बजावलं होतं. गावाबाहेरच्या तांड्यावरची सोनी आमच्यात सगळ्यात छान खेळायची, पण तिच्या पायांनी कधी चप्पलही पाहिली नव्हती. म्हणून मैदानावर रेघा मारायला नुकताच भिजवलेला, अजून कोमट असलेला चुना मी तिच्या पायांना घोट्यापर्यंत फासला. लांबून अगदी बूटच वाटत होते. बाईंनी पाहिलं आणि तिला रांगेत घेतलं. मला माझ्या हुशारीचं कोण कौतुक! घरी माझा जुना जोड पडून होता, तो आठवला नाही. चुना बरा आठवला.

सोनी शेवटपर्यंत खेळली, एकही ठेका चुकली नाही. नंतर विहिरीवर पाय धुतले, तर चुन्यासोबत कातडीही निघाली.

"काहून सांगितलं नाही वं?" मी रडत विचारलं.

"मले वाटलं, बूट घातल्यावर अशीच आग होते, असंच पोयते," ती म्हणाली. "तुमी तं रोजच घालता."