मंदाताईंच्या चित्राला जागा नाही

आम्ही तिघी मिळून वर्षाला फार तर दहा चित्रं काढतो, पण किस्से मात्र महिन्याला दहा निघतात. चूक आमचीच. फुलं, गणपती, धबधबा असलं काही काढलं असतं, तर लोक "वा, छान" म्हणून घरी गेले असते. आम्ही काढतो ॲब्स्ट्रॅक्ट! मग प्रत्येक जण थांबतो, आणि थांबला की बोलल्याशिवाय राहत नाही.

तिघी म्हणजे कोण, ते सांगते. मी अंबरनाथची ड्रॉइंग टीचर, तीस वर्षं पोरांकडून मडकी आणि सफरचंदं काढून घेतलेली. ज्योती उल्हासनगरची, सिंधी, सासरचं कपड्याचं दुकान. आणि मंदाताई बदलापूरच्या, शिरगावात राहतात. कंपनीत पॅकिंगला होत्या. रिटायर झाल्यावर ब्रश हातात धरला, तो आजतागायत सोडला नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत, खोके बनवणाऱ्या गाळ्याच्या वर एक खोली भाड्यानं घेतलीय. तोच आमचा स्टुडिओ.

*

मंदाताईंचं पहिलं मोठं चित्र. चार बाय पाच फूट, सगळं काळं, मध्येच एक लाल रेघ. दोन महिने खपल्या बिचाऱ्या. शेवटचा हात मारून त्या मागे सरकल्या, तेवढ्यात खालच्या गाळ्याला रंग मारणारा पेंटर पाणी मागायला वर आला. बाटली हातात घेऊन बराच वेळ बघत उभा. आम्हाला वाटलं, भारावला!

"ताई, फर्स्ट कोट झकास बसलाय," तो म्हणाला. "आता फिनिशिंग कधी?"

*

तेच चित्र मंदाताई घरी घेऊन गेल्या. त्यांचे मिस्टर, विलासभाऊजी, कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. आयुष्यभर दोनच शब्द, पास नाहीतर रिजेक्ट. त्यांनी टेप आणून चित्र मोजलं, हॉलच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "जागा नाही."

विषय संपला! चित्र दिवाणात गेलं, जादा गाद्यांच्या खाली. पुढची चार वर्षं तिथंच. मंदाताई रडगाणं गाणाऱ्यातल्या नाहीत. पण एकदा चहा पिता पिता म्हणाल्या, "मला बक्षीस नको गं, नाव नको. माझ्या घरात माझं एक चित्र लागावं, बस." मला फार वाईट वाटलं. आणि भाऊजींचा रागही आला, खोटं कशाला बोलू?

*

एकदा मी लायब्ररीतून मॉडर्न आर्टवरचं हे एवढं जाडजूड पुस्तक आणलं. म्हटलं, आपल्या आधीच्या बायका कोण, ते तरी बघू. तिघी मांडी घालून बसलो. पानं उलटतोय, उलटतोय, पुरुषच पुरुष. एकेकाची दाढी बघून घ्यावी! शेवटी एक बाई सापडली. चित्र काय जबरदस्त, आणि खाली तिची ओळख काय? "अमक्यांच्या पत्नी. याही चित्रं काढत."

"याही!" ज्योती किंचाळली. "अरे, ये क्या बात हुई?"

मंदाताईंनी शांतपणे पुस्तक मिटलं. "म्हणजे त्यांच्याकडेपण जागा नव्हती," त्या म्हणाल्या.

*

ज्योतीची तऱ्हा वेगळी. ती जीन्सच्या कारखान्यातली चिंध्या-कापडं आणते आणि शिवून त्यांची चित्रं करते. एक चित्र तिनं दुकानात टांगलं. एक व्यापारी आला, उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "पाँच सौ पीस कब तक दोगी?"

"अंकल, ये आर्ट है. एकच असतं!"

"ठीक है," अंकल म्हणाले. "सॅम्पल तो एक ही होता है."

महिन्याभरात बाजारात त्याच डिझाइनच्या पर्स लटकायला लागल्या! आम्हाला वाटलं, ही आता भांडण काढणार. तर ही बया मिरवत आली, खांद्याला तीच पर्स. "मोठ्या आर्टिस्टचीच कॉपी होते," म्हणाली. त्या दिवशी वडापाव तिच्याकडून!

*

मागच्या वर्षी आम्ही प्रदर्शन भरवलं. बदलापुरात एका मंगल कार्यालयाचा वरचा छोटा हॉल मिळाला. खालच्या हॉलमध्ये लग्न होतं. आम्ही तिघी काठपदरात दाराशी उभ्या, भाऊजी कोपऱ्यात खुर्चीवर. टेम्पोतून चित्रं आणायला आले होते, ते तसेच थांबले.

अकराच्या सुमारास पायऱ्यांवर गलका झाला. "अगं, रुखवत इकडं मांडलंय!" म्हणत खालच्या वऱ्हाडातल्या वीस-पंचवीस बायका थेट आत! आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी सगळं बघायला घेतलं. ज्योतीच्या चिंध्यांना "गोधडी बरी आहे" असं सर्टिफिकेट मिळालं. माझ्या पिवळ्या चौकोनांना ढोकळा म्हणाल्या.

एक नऊवारीतली आजी मंदाताईंच्या, दिवाणातून खास बाहेर काढलेल्या काळ्या चित्रासमोर थांबली. लाल रेघेवरून हवेतच बोट फिरवलं, आणि मग वळून मोठ्यानं विचारलं, "हे काढलंय त्या पोरीला कोनी इचारलं का, तिला हे घर पसंत हाय का?"

आम्ही हसून हसून बेजार! मंदाताईंच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. भाऊजी तेवढे हसले नाहीत. उठले, खाली जाऊन पाणी पिऊन आले आणि पुन्हा खुर्चीवर बसले. संध्याकाळी चित्रं टेम्पोत चढवताना त्या काळ्या चित्राला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

*

यंदा बुद्ध पौर्णिमेला मंदाताईंनी आम्हाला खीर प्यायला बोलावलं. दार उघडंच होतं. भाऊजी चटईवर बसून मॅच बघत होते, आणि टीव्ही जमिनीवर, पाटावर ठेवलेला!

"भाऊजी, टीव्हीला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. खालूनपण दिसतो," ते मान न वळवता म्हणाले.

मी वर बघितलं. बुद्धांच्या फोटोशेजारी, टीव्हीच्या जागी, चार बाय पाचचं काळं चित्र. स्वयंपाकघराच्या दारात मंदाताई खिरीच्या वाट्या घेऊन उभ्या होत्या. ज्योतीनं डोळ्यांनीच विचारलं, कधी? मंदाताईंनी खिरीची वाटी तिच्या हातात ठेवली.

मी दिवाणाच्या कडेला टेकले.

"तिथं नका बसू," भाऊजी म्हणाले. "तिथून अर्धंच दिसतं."

मी आपली सरकले टीव्हीच्या समोर.

"टीव्हीचं नाही म्हणत मी!" भाऊजी म्हणाले.