बिनबायकोचे चेट्टियार

माझी शाळा चौथीपर्यंत. म्हणून हे लिहिताना शुद्धलेखन सून बघते आणि मजकूर मी बघतो. तीच म्हणाली, "मामंजी, दिवसभर भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा काहीतरी लिहा." भिंतीकडे कोण बघतंय? भिंतीवर माझ्या बायकोचा फोटो आहे, त्याच्याकडे बघतो. ती गेली त्याला दुसरं वर्ष लागलं. फोटोत ती हसते आहे. घरातल्या सगळ्यांना वाटतं, फोटोवाल्याने हसायला सांगितलं म्हणून हसली. मला ठाऊक आहे ती कशाला हसते. चेट्टियारांना.

तर चेट्टियारांचंच सांगतो.

आम्ही तंजावरकडचे मराठी लोक. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. लग्न झाल्यावर मद्रासला आलो आणि मैलापूरला देवळाच्या तळ्यामागे बिऱ्हाड केलं. एक खोली, मागे चूल, विहिरीचं पाणी. नवे पैसे नुकतेच निघाले होते तेव्हाची गोष्ट. बाजारात जो तो जुन्या आण्यांचा हिशेब नव्यात घालत भांडत होता. मी एका कचेरीत शिपाई होतो. साहेबांच्या टेबलावर कॉफी ठेवताना त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघायचं आणि मनात म्हणायचं, थांब लेका, माझंही येतंय. मला श्रीमंत व्हायचं होतं. सरळ सांगतो, त्यात लाजायचं काय?

आधी उदबत्त्या केल्या. कार्तिकातल्या पावसात सगळ्या सादळल्या, देवालासुद्धा पेटवता येईनात. मग आवडी गावच्या एका गवळ्याच्या म्हशीत अर्धा हिस्सा घेतला. ती म्हैस ना व्याली ना मेली, नुसती खात राहिली. माझ्या वाट्याला बहुतेक तोंडाकडचा अर्धा आला होता. बायको म्हणायची, "लक्ष्मी तुमच्या दारापर्यंत येते हो, पत्ता विचारते आणि शेजारी जाते."

मग मला बाहुल्या सुचल्या.

आमच्याकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात. लाकडी पायऱ्या करायच्या, त्यावर धुतलेलं पांढरं कापड घालायचं, वर देव, खाली माणसं. अगदी खालच्या पायरीवर चेट्टियार, म्हणजे वाणी. ढेरी सुटलेला, उघडाबंब, मांडी घालून बसलेला. शेजारी त्याची बायको, तिला आच्ची म्हणतात. दोघांच्या पुढ्यात खऱ्या तांदळाच्या, डाळीच्या, गुळाच्या लहान लहान राशी. आणि रीत अशी, की दर वर्षी कोलूत निदान एक तरी नवी बाहुली आलीच पाहिजे. म्हणजे बघा, गिऱ्हाइकाला देवच पिशवी देऊन बाजारात धाडतो! याहून बरा धंदा कुठला?

बायकोला सांगितलं. ती डोसा घालत होती. डोसा उलटला, मग विचारलं, "आणि भांडवल?"

मी तिच्या हातांकडे बघितलं.

तिच्या पाटल्या तिच्या आईच्या. आईने जाताना दोघी मुलींना एकेक जोड दिलेला. बायको विहिरीवर गेली, हाताला साबण लावला आणि पाटल्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"खंडेनवमीच्या आयुधपूजेला ताई येते," ती म्हणाली. "दारात पाऊल टाकलं की आधी माझे हात धरते, मग चप्पल काढते. त्या दिवशी पाटल्या हातात हव्यात."

"आणि नसल्या तर?"

"तर मी भांडणार नाही. तिच्याबरोबर तंजावरच्या गाडीत बसेन."

"थट्टा करतेस."

"तिकिटाचे पैसे डाळीच्या डब्यात आहेत. बघायचे का?"

मी डबा उघडून बघितला. होते.

पाटल्या गहाण टाकल्या आणि बसने पन्रुट्टीला गेलो. तिकडे बाहुल्या करणारे कुंभार. एका कुंभाराने चेट्टियारांच्या दोन मोठ्या पेट्या इतक्या स्वस्तात देऊ केल्या, की मला वाटलं याला व्यवहार कळत नाही. माणूस स्वतःला हुशार समजला की बुडालाच. त्याने एका पेटीचं झाकण काढलं, वरचं गवत बाजूला केलं. ओळीने चेट्टियार. ढेऱ्या कशा चकचकीत! फक्त पुरुषच दिसत होते, पण मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरी पंगतीला आधी पुरुष बसतात, बायका मागून. बाहुल्यांतही वरच्या थरात पुरुष आणि खालच्या थरात बायका असणार, असं मी धरून चाललो. खालचं गवत उचलून बघावं असं मनातही आलं नाही.

मैलापूरला पेट्या उतरवल्या, उघडल्या. वरच्या थरात चेट्टियार. मधल्या थरात चेट्टियार. खालच्या थरात चेट्टियार. दुसरी पेटी, तिच्यातही तेच. जमीन भरली. सगळे मिशीवाले, सगळे उघडे, सगळे माझ्याकडे बघून हसतायत.

बायको दारात उभी. म्हणाली, "अहो, हे दुकान काढलंत की मठ?"

परत पन्रुट्टी. कुंभार अंगणात माती मळत होता, मला बघून बावचळलासुद्धा नाही. "आम्हा भावांची वाटणी झाली, सामी. शेत वाटलं, भट्टी वाटली, साचे वाटले. चेट्टियार मला आले, आच्ची धाकट्याला." मग धाकट्याकडे गेलो, दोन घरं सोडून. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही. "त्या घरात माझी एकही आच्ची द्यायची नाही," असं म्हणाला, जणू मी त्याच्या पोरीला स्थळ घेऊन आलो होतो. त्या वर्षीच्या आच्च्या त्याने मदुरेच्या व्यापाऱ्याला विकून टाकल्या होत्या. तिकडे बिचाऱ्या बिननवऱ्याच्या बसल्या असतील.

नवरात्र जवळ आलं. कचेरी सुटली की मी देवळाजवळच्या रस्त्यावर, उत्तर माड वीथीत, फुटपाथवर गोणपाट अंथरून बसायचो. सगळा रस्ता बाहुल्यांचा. पहिल्या संध्याकाळी एक मामी आली; तिकडे पोक्त बाईला मामीच म्हणतात. मैलापूरच्या मामी, हिऱ्याच्या कुड्या, घासाघीस करण्यात वकिलाला भारी. तिने चेट्टियार उचलला, फिरवून बघितला.

"आच्ची कुठाय?"

"माहेरी गेलीय, मामी."

"मग ती आली की येते," म्हणाली आणि चालती झाली.

दुसरीही तेच, तिसरीही तेच. एकीने तर पदर सावरून सांगितलं, "सणासुदीला एकटा पुरुष घरात कोण आणून बसवतं?" कोलूत जोडी लागते. जोडी फुटलेली बाहुली कुणी पायरीवर ठेवत नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण माहीत असणं वेगळं आणि गवत उचलून बघणं वेगळं.

रोज पेट्या घेऊन जायचो, तशाच परत आणायचो. बायकोच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. एकदा तिने डाळीचा डबा खाली काढला. तिने डाळ काढली, आमटीला घातली, डबा परत ठेवला. मला बघायचं होतं पैसे आहेत का. धीर झाला नाही.

मग एका रविवारी मी दुपारी झोपून उठलो तर बायको जमिनीवर पाय पसरून बसलेली, मांडीवर एक चेट्टियार. ओल्या फडक्याने त्याची मिशी पुसत होती. रंग डिंकातला, लगेच निघत होता.

"अग, हे काय करतेस?"

"यांच्यातल्या निम्म्यांना बायका करते," ती म्हणाली. "तुम्ही आणल्या नाहीत ना."

तिने सगळा विचार करून ठेवला होता. गल्लीतल्या शिंप्याकडून रेशमाच्या चिंध्या आणल्या होत्या, त्यांच्या साड्या. छातीवर तांबडा रंग, ती चोळी. डोक्याला काळा रंग आणि मागे डिंकाने एक रिठा चिकटवला, झाला अंबाडा. नाकाला चमकी. कपाळाला कुंकू. ढेरीचं काही करता येईना, ती साडीतून पुढे आलीच. तयार झालेली पहिली आच्ची तिने चेट्टियाराशेजारी ठेवली. दोघं जुळ्या भावंडांसारखी दिसत होती.

मी म्हटलं, "कुणी घेणार नाही. लोक हसतील."

"हसू देत. हसलेल्या माणसाचा हात पिशवीत लवकर जातो."

त्या संध्याकाळी तीही माझ्याबरोबर फुटपाथवर येऊन बसली. माझ्या तोंडाने धंदा बुडतो असं तिचं म्हणणं होतं. म्हणून मला पाणी आणायचं आणि गप्प बसायचं काम दिलं. पहिल्या दिवशीची तीच मामी आली. आच्चीला उचललं, नाकाजवळ नेऊन बघितलं.

"का ग, ही मांडी घालून बसलीय, पुरुषासारखी? आणि हात पुढे, जसा काही तराजू धरलाय."

बायको म्हणाली, "नवरा जेवून घोरत पडला की दुपारी दुकान कोण बघतं, मामी? हीच ना?"

मामी थांबली. मग हसली. "खरंय ग बाई. पण ही त्याच्याहून जाड आहे."

"दुकान चांगलं चाललंय."

"आणि ही मिशी?" एका आच्चीच्या ओठावर काळी रेघ राहिली होती. आता मेलो, असं मला वाटलं.

बायकोने मान तिच्याजवळ नेली, आवाज उतरवला. "वय झालं की येते हो. तुम्हाला माहीतच आहे."

मामीचा हात आपोआप स्वतःच्या ओठावर गेला. मी पाण्याच्या लोट्यात तोंड घातलं. मामीने घासाघीस न करता जोडी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी आपली बहीण, जाऊ आणि विहीण घेऊन आली. सगळ्यांना ती दुकान सांभाळणारी आच्ची हवी होती. काहींनी तर मुद्दाम मिशीची रेघ असलेली मागितली. बायको दिवसा घरी मिशा पुसायची, संध्याकाळी फुटपाथवर विकायची. पुढेपुढे पुसायचा कंटाळा आला की म्हणायची, "एवढी राहू दे, ही थोडी वयस्कर."

कोलू मांडले गेले तरी लोक येत होते. दोन्ही पेट्या रिकाम्या झाल्या. एक जोडी तेवढी बायकोने आमच्या कोलूसाठी काढून ठेवली.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी गहाणवाल्याकडून पाटल्या सोडवल्या. घरी येऊन तिच्या हातात चढवायला गेलो तर तिने हात मागे घेतला.

"आधी एक कबूल करा. यापुढे कुणी काही विकायला आलं, घ्यायला आलं, काही असो, उत्तर एकच द्यायचं. विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

"कुणाला म्हणजे?"

"बरं, बरं. विचारून सांगतो."

मग तिने हात पुढे केला.

सकाळी ताई आली. चप्पल पायात, दोन्ही हातांनी बहिणीचे हात धरले. "अग, एवढ्या चकचकीत कशा ग? माझ्या बघ कशा काळवंडल्यात."

"रिठ्याने घासल्या," बायको म्हणाली. "घरात रिठे फार झाले होते."

ताई कोलूपुढे बसली. खालच्या पायरीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत पायरीकडे. "भावजी, राग मानू नका, पण ही आच्ची अगदी तुमच्यासारखी दिसते." बायको आत गेली आणि पदर तोंडात कोंबून हसली. मला बाहेर ऐकू येत होतं. फोटोतलं हसू तेच.

श्रीमंत झालो का? कुठला! पाटल्या सुटल्या आणि वर थोडं उरलं, त्याचं एक घड्याळ घेतलं, ते मागे पडायचं. पुढच्या वर्षी मी पुन्हा पन्रुट्टीची बस पकडणार होतो. पण त्याआधीच उत्तर माड वीथीत प्रत्येक गोणपाटावर मांडी घातलेली, तराजू धरलेली आच्ची बसली होती. त्या दोन भावांनी एकत्र येऊन साचाच काढला होता. आमच्या जिवावर त्यांचं भांडण मिटलं. बायको म्हणाली, "आता हा धंदा सोडा. जुळवून दिलं एक घर, तेवढं पुण्य पुरे."

पुढे काय काय आलं. कुणी जमीन घेऊन आला, म्हणाला इथे अण्णा नगर होणार आहे. कुणी कापडाच्या दुकानात भागीदारी घेऊन आला. मी प्रत्येकाला तेच म्हणालो, विचारून सांगतो. जमिनीच्या वेळी ती नको म्हणाली, तेवढं तिचं चुकलं. आज मी त्याच अण्णा नगरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि इथले भाव ऐकले की फोटोकडे जरा डोळे वटारून बघतो.

ती गेली त्या वर्षी कोलू मांडला नाही. यंदा सुनेने मांडला. पाटल्या तिच्या हातात आहेत. तिने जुनी पेटी उघडली, तिच्यात ती जोडी निघाली. साडीचं रेशीम विरलंय, रिठा पडलाय, आणि कुठून कोण जाणे, मिशी परत दिसायला लागलीय. सून म्हणाली, "रंगवून घेऊ का?" मी म्हटलं, हात लावशील तर बघ.

परवा हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावरची एक बाई आली. जुन्या वस्तूंचा व्यापार करते म्हणे, काचेच्या कपाटात ठेवून परदेशी पाठवते. आच्चीची मिशी बघून तिचे डोळे चमकले. जोडीची किंमत सांगितली. मी खुर्चीत होतो ते सरळ बसलो. असली किंमत आयुष्यात माझ्या कुठल्याच मालाला कुणी दिली नव्हती. सून माझ्याकडे बघायला लागली.

"काय म्हणता, तात्या?" बाईने विचारलं. "देता?"

मी म्हटलं, "विचारून सांगतो."

बाई म्हणाली, "बरं, उद्या येऊ?"

"या की," मी म्हटलं, आणि सुनेला सांगितलं बाईंना प्रसादाचं सुंडल दे.