धूरमुक्त कॉलनी आणि अक्कांचा राब

चहा आधी पिऊन घ्या, मग ऐका. मागे हाच किस्सा सांगत होते तर माझ्या मावसबहिणीला असा ठसका लागला की चहा नाकातून आला. फजिती माझी आणि नाक भाजलं तिचं. तेव्हा कप खाली ठेवा, मी सुरू करते.

मी सुलभा. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची आठ मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त झाले, पण शाळा सुटली म्हणून सवय सुटते का? मखमलाबाद रोडच्या आमच्या कॉलनीत सव्वीस बंगले आहेत, आणि गेटजवळ कोणी सुकं पान जरी पेटवलं तरी मला घरात बसून वास येतो.

कारण आमच्या कॉलनीचं दुखणं एकच, पाला. प्रत्येकाच्या दारात बदाम, आंबा, गुलमोहर. फेब्रुवारीपासून जी पानगळ लागते ती मे संपेपर्यंत. रोजची घंटागाडी पाला घेत नाही, त्याची गाडी वेगळी, ती तिच्या वाराला येते. तोवर लोक काय करतात? ढीग लावतात आणि हळूच काडी ओढतात. महापालिकेचा नियम स्पष्ट आहे, उघड्यावर पालापाचोळा जाळायचा नाही, जाळला तर दंड. पण "एवढ्याशा धुरानं काय होतंय बाई" म्हणणारे जागोजाग.

त्यातले एक आमचे समोरचे बोरस्ते. भला माणूस, पण हातात काडेपेटी आली की भान राहत नाही. एकदा सकाळी पेपर वाचता वाचता त्यांनी ढीग पेटवला. मी बादली घेऊन गेले, ढीग विझवला आणि फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. त्यांचा पेपरही भिजला, त्याला माझा इलाज नव्हता. त्यांनी ग्रुपवर माफी मागितली. मी खाली अंगठा टाकला. तेव्हापासून ते माझी वाट बघत होते, म्हणजे माझं काही चुकतंय का याची.

आणि तेवढ्यात बातमी आली. पाला बारीक करून खत करायचं यंत्र आमच्या भागात एकाच कॉलनीला मिळणार होतं. अट अशी की त्या कॉलनीत कुठेही जाळपोळ नको. शर्यतीत आम्ही आणि नाल्यापलीकडची कॉलनी. शनिवारी सकाळी स्वच्छता निरीक्षक पाहणीला येणार. सव्वीस घरांची आशा माझ्यावर, आणि मी सगळ्यांना सांगून टाकलं, यंत्र आलंच म्हणून समजा, जागा झाडून ठेवा.

त्याच आठवड्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. राहतात इगतपुरीकडे, घोटीच्या पलीकडे, भातशेतीत जन्म गेला. गुडघा दाखवायला आल्या होत्या, पण स्वस्थ बसतील तर त्या अक्का कसल्या? मागच्या अंगणात माझी हिरवळ वाळून गेली होती, ती जागा बघून मी सहज म्हटलं, "अक्का, इथे यंदा घरचा भात लावायचा म्हणते. इंद्रायणी."

अक्का हसल्या. "लाव की. पर आधी रोपाची जागा कराया लागंल. आमच्या तिकडं करत्यात तशी करू. पाला हाय का?"

पाला हाय का? अहो, आंधळा मागतो एक डोळा! मी त्याच क्षणी ग्रुपवर लिहिलं, "सर्वांनी आपापला पाला माझ्या परसात आणून टाकावा. नैसर्गिक पद्धतीने विल्हेवाट लावली जाईल."

सव्वीस घरांचा पाला आला. काहींनी दोन दोनदा आणला. बोरस्त्यांनी तर जुनी केरसुणीही त्यात सारून दिली.

सोमवारी अक्कांनी काम सुरू केलं. खाली शेणाचा थर, त्यावर काटक्या, त्यावर पाला, मग सुकं गवत, आणि वर भुरभुर माती. इतकं सुबक की बघत राहावं. मी फोन घेऊन उभी. "पहिला थर शेणाचा. आता हे सगळं आपोआप कुजणार आणि याचं सोनं होणार. याला म्हणतात सेंद्रिय शेती." रोज एक व्हिडिओ. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस.

अक्का मध्येच म्हणायच्या, "सुलभे, हे कुजत नाय गं, याला..."

"वेळ लागतो, मला माहीत आहे अक्का. घाई नाही आपल्याला."

मंगळवारी पुन्हा. "अगं, वारा बघून एका कडंनं..."

"हो, हवा खेळती पाहिजे, बरोबर आहे तुमचं."

आमचे हेही एकदा चहा घेऊन आले, त्या ढिगाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सुलभा, हे तर आपल्याकडे..." मी म्हटलं, "साखर कमी पडली आहे चहात." ते साखर आणायला गेले. गरीब माणूस हो, चौतीस वर्षं गरीबच आहे.

शनिवार उजाडला. निरीक्षक आले, बारीकसा तरुण मुलगा, जळगावकडचा. हातात फाईल, पायात नवे बूट. मी त्याला सगळी कॉलनी फिरवली. कोपरे दाखवले, गटाराच्या कडा दाखवल्या, कुठे चिमूटभर राख नाही. मागे वीस-पंचवीस माणसं, आणि फोन वर धरून बोरस्ते.

"बाई, बाकी ठीक आहे," निरीक्षक म्हणाला, "पण पाल्याचं तुम्ही करता काय?"

याच प्रश्नाची वाट बघत होते मी. वरात घेऊन थेट परसात. तिथे अक्का नवं लुगडं नेसून तयार. वाफ्याच्या कडेला त्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ ठेवला होता, आणि सुक्या गवताच्या टोकाशी कापराच्या दोन वड्या. हातात काडेपेटी.

"सुलभे, वारा पडलाय," अक्का म्हणाल्या. "आता करू का?"

मला भरून आलं. साहेब आले म्हणून बाईनं भूमिपूजन मांडलंय! मी निरीक्षकाला म्हटलं, "आमच्याकडे मातीला हात लावायच्या आधी पूजा असते, साहेब. आणि आज तुम्ही प्रमुख पाहुणे. अक्का, द्या ती काडेपेटी. कापूर साहेबांच्या हस्तेच लागला पाहिजे."

तो मुलगा लाजला. "अहो नको, बाई..."

"मान असतो. नाही म्हणायचं नाही."

त्यानं बूट काढले. बूट काढले हो! वाकून काडी ओढली, कापूर लावला, हात जोडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

कापरानं गवत धरलं. गवतानं पाला धरला. मला वाटलं, वाऱ्याची झुळूक आली असेल, विझेल. मग धूर उठला. पांढरा, जाड, शेणाच्या वासाचा, सव्वीस घरांच्या पाल्याचा धूर. आधी आमच्या घराची गच्ची दिसेनाशी झाली, मग बोरस्त्यांची. दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे बायका ओढून काढायला लागल्या. नाल्यापलीकडच्या कॉलनीतली माणसं गच्च्यांवर येऊन आमच्याकडे बघत उभी राहिली.

"अक्का, हे पेटलं!" मी ओरडले.

"मग?" अक्का पदरानं वारा घालत होत्या. "पेटंल नायतर काय? राब हाय. भाताचं रोप टाकायचं तर आधी जमीन भाजून घ्यावी लागती. तण मरतं, राखंचं खत व्हतं. बापजाद्यापासनं करतोय आमी."

म्हणजे पाच दिवस मी ज्याचे व्हिडिओ करत होते ती उघड्यावर पाला जाळायची पूर्वतयारी होती, थराथरानं, आणि तीही माझ्याच आवाजात.

बोरस्ते पाइप घेऊन धावत आले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं, पण धावले, हे मान्य केलं पाहिजे. अक्कांनी त्यांनाच अडवलं. "पाणी नगं मारू रे, राख वाहून जाईल." दोघांची ओढाताण झाली, पाइप फिरला आणि निरीक्षकाची फाईल चिंब झाली.

तो बिचारा बूट हातात धरून उभा. दंड लावायचा तर कुणाला? काडी त्यानं ओढलेली, वीस माणसांदेखत, वर टाळ्या घेऊन. रडवेला होऊन म्हणाला, "बाई, माझी नोकरी जाईल हो."

खरं सांगते, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंत्र गेलं ते गेलंच, पण या पोराचा काय गुन्हा? मी म्हटलं, "लिही माझं नाव. पाला मी गोळा केला, काडेपेटी मी दिली, तुला नाही म्हणू दिलं नाही मीच. हे सगळे साक्षीदार आहेत. आणि बोरस्ते, तो व्हिडिओ कुठे जाता कामा नये." बोरस्त्यांनी मान डोलावली. वरच्या साहेबांना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. मुलाची नोकरी राहिली. दंड मला झाला आणि यंत्र नाल्यापलीकडे गेलं. पण हे पुढचं. त्या वेळी तो डोळे पुसत अक्कांना विचारत होता, "आजी, हे पेटवायचं असतं ते बाईंना आधी सांगायचं ना तुम्ही."

"सोमवारपासनं सांगतीय की," अक्का म्हणाल्या. "पर तिच्यापुढं बोलाया जागा कुठं मिळती? इचारा आमच्या भावाला."

सगळे आमच्या ह्यांच्याकडे वळले. हे चहाचा ट्रे घेऊन धुरातून येत होते. थांबले, घसा साफ केला आणि शांतपणे म्हणाले, "मीही मंगळवारीच सांगणार होतो, की हा राब आहे, आमच्या गावाला दर वैशाखात भाजतात, आणि हा भाजायला लागला की अर्ध्या कोसावरून दिसतो."

लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण माझ्यासमोर ह्यांचं एवढं लांब वाक्य पूर्ण झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मधे बोलणार होते हो मी, पण धुरानं असा खोकला लागला होता की तोंडच उघडता येईना.