भाऊंच्या घरी मुंग्यांची चटणी

"मुंग्या! पाट्यावर मुंग्या वाटून राह्यली हे! सकाळच्या गाडीनं धाडा इले माहेरी!"

शेजारच्या भाऊंचा हा आवाज ऐकून मालेगावच्या स्टँडवरची एसटी वेळेवर सुटली म्हणतात. मी कुंपणावरून उडी मारूनच पोचलो. पाट्यावर खरंच लाल मुंग्यांची चटणी होती. माझ्या अंगावर असा काटा आला, की त्यावर कपडे वाळत घालता आले असते.

भाऊ म्हणजे पाणी तीनदा गाळणारा माणूस. चौथ्यांदा गाळलं तर पाणीच उरणार नाही. भाजीत अळी दिसली, की ते दोन दिवस भाजीचं नावही काढत नाहीत.

त्यांची नवी सून गडचिरोलीकडची. ती शांतपणे म्हणाली, "मामाजी, आमच्याकडे ताप आला की हेच देतात. तुमी रोज मध चाटता, तो काय म्हशीनं देला?"

ती उठली आणि खरोखरच पिशवी भरू लागली. ते पाहून भाऊ पाट्यापाशी बसले, बोटभर चटणी घेतली आणि डोळे गच्च मिटून गिळली. किंचाळलो मी.

"भाऊ, काही होऊन तं नाही राह्यलं?"

"मीठ कमी हाये," भाऊ म्हणाले.