सोफा, मांजर आणि वखराचं खोड

सोफा मी स्वतः निवडला होता. अमरावतीच्या त्या दुकानदाराला मी अर्धा दिवस नाचवलं, सगळे नमुने खाली काढायला लावले आणि शेवटी मोरपंखी रंगाचा, जाड विणीच्या कापडाचा घेतला. हात गुबगुबीत, त्यांनाही तेच कापड. जाड विणीचं कापड म्हणजे मांजराला आवतण, हे तेव्हा मला कोण सांगणार? घरात मांजर नव्हतीच. आम्ही दोघं नवराबायको, दोघंही नोकरीवाले. मी शाळेत शिकवायची, हे सरकारी कचेरीत.

मांजर आली माझ्या सासऱ्यांबरोबर. अकोटजवळच्या आमच्या गावाहून, एस.टी.त, बाजाराच्या थैलीत. थैलीच्या तोंडातून फक्त डोकं बाहेर. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "आजोबा, हे काय हाय?" तर मामाजी म्हणाले, "नात हाय. अर्धं तिकीट लागत असन त फाड." आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणायची. उंच, वाळकुडा माणूस. बोलणं मोजकं, पण जे बोलतील ते समोरच्याला गप्प करणारं.

त्यांना आणलं ते मोतीबिंदूच्या निमित्तानं. खरं कारण वेगळं होतं आणि ते घरात कोणी उच्चारत नव्हतं. सासूबाई गेल्या होत्या, बैलजोडी विकली होती, वावर दुसऱ्याला ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरल्या पैशावर, दिलं होतं आणि मामाजी त्या घरात एकटे होते. ती वर्षंच तशी होती. पेपर उघडला की आतल्या पानावर कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं, आणि कधीकधी ते गाव आमच्या ओळखीचं निघायचं. आमचे हे आधी फक्त क्रिकेटचं पान वाचायचे, ते आता ते आतलं पान आधी उघडायला लागले. एकट्या माणसानं त्या रिकाम्या घरात काही बरंवाईट करून घेऊ नये, म्हणून त्यांना इथे आणायचं आणि इथेच ठेवायचं, एवढीच आमची धडपड. पण ते बोलायचं कसं? बापाला असं विचारतात का कोणी? मग आम्ही मोतीबिंदूवर बोलत राहिलो.

मोतीबिंदू निघाला. मांजर मात्र सोफ्यावर बसली ती बसलीच.

सकाळी उठायची, अंग ताणायची आणि सोफ्याच्या डाव्या हातात पुढची नखं रुतवून खसाखसा ओढायची. मामाजी चहाची बशी धरून कौतुकानं बघत बसायचे.

"नखं पाजवून राहिली."

"मामाजी, माझ्या सोफ्यावर?"

"मंग काय हवेत पाजवन?"

आता यावर काय बोलणार, कपाळ? माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. पण सासऱ्यासमोर तो गिळावा लागायचा, आणि मग तो भांड्यांवर निघायचा.

उपाय सुरू झाले. कोणीतरी सांगितलं मांजराला संत्र्याचा वास सोसत नाही. आमच्याकडे संत्र्यांना काय तोटा. वरूडकडून आलेली संत्री सोलून साली सोफ्यावर पसरल्या. मांजरीनं त्यातली एक पंजानं बाजूला सारली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर झोपली. मग रेक्झिनची खोळ शिवून घेतली. ती तिला कापडाहून जास्त आवडली. मग पाण्याचा फवारा. तो नेमका ह्यांच्या पेपरवर गेला आणि घरात वेगळंच भांडण लागलं.

एवढ्यात पुण्याच्या नणंदेनं पार्सल पाठवलं. मांजरांसाठी खास केलेलं झाड म्हणे. गुलाबी लवेचं, वर एक बसायची फळी, फळीला लोंबणारा चेंडू. दिसायला इतकं गोंडस की शेजारणी बघून गेल्या. मांजर आली, हुंगलं, दोन्ही पंजे वर टाकून ताण दिला आणि ते झाड फळीसकट तिच्या अंगावर कोसळलं. ती जी पळाली ती फ्रिजमागे, संध्याकाळच्या दुधापर्यंत बाहेर आली नाही. मी झाड उलटं करून बघितलं तर काय, आतमध्ये पुठ्ठ्याची पोकळ नळी, खाली पातळ प्लाय, आणि गुलाबी लव हाताला चिकटून निघत होती. वास तर असा, की नवी प्लास्टिकची बादली उन्हात ठेवावी.

मामाजींनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं. म्हणाले, "हे उकिरड्यावर टाकलं त उकिरडा सडन, पण हे नाही सडाचं."

त्या रात्रीचं जेवण मला आठवतं. सोफ्याच्या हातातून आता फोम डोकावत होता. हे आधीच कचेरीतून वैतागून आले होते. ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "बस झालं. रविवारी तिला बडनेऱ्याकडे सोडून येतो."

मामाजींनी भाकरी संपवली, ताटात हात धुतला, टॉवेलला पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मंग मलेबी त्याच दिवशी गावच्या गाडीत बसवून दे."

ह्यांचा घास तसाच राहिला. मांजर गेली तर हा माणूस जाणार, आणि जाणार कुठं तर त्याच रिकाम्या घरात. सोफ्याचं दुःख मला होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या घटकेला वाटलं, फाड बाई, पाहिजे तर पडदेही फाड. मी म्हटलं, "कोणी कुठं जात नाही. मी करते तिचा बंदोबस्त."

तोपर्यंत माझा त्या विषयाचा चांगलाच अभ्यास झाला होता. ती कुठे, कशी, कशावर ओढते ते मी वह्या तपासाव्या तसं बघितलं होतं. तिला हलणारं काही चालत नाही. मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताण देता येईल एवढं उंच पाहिजे. खरबरीत पाहिजे, म्हणजे नख रुतलं पाहिजे. आणि ते सोफ्याशेजारीच उभं पाहिजे, गच्चीवर नेऊन ठेवलं तर ती कशाला जाते तिकडे! शिवाय वर्षावर्षाला नवं आणायचं मला जमणार नव्हतं. मी हे सगळं मामाजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "वखराचं खोड."

वखर म्हणजे पेरणीआधी जमीन खरवडायचं अवजार. खाली लोखंडी पास, आणि ती ज्याला बसवतात तो बाभळीचा जाडजूड ओंडका म्हणजे खोड. आमचा वखर गावच्या गोठ्यात भिंतीला टेकून उभा होता.

"बाबा, वखर मोडता?" हे म्हणाले.

"बैल नाही त वखर काय चाटाचा?"

खोडाला गुंडाळायला दोर हवा होता. नायलॉन नको, यावर सासरा आणि सून यांचं पहिल्यांदा एकमत झालं. नायलॉनमध्ये नख अडकतं, आणि त्याचे धागे पोटात गेले तर मांजर मरते. अंबाडीचा पाहिजे. तो मी माझ्या माहेरी अकोल्याला गेले तेव्हा शोधला. जुन्या शहरात मोर्णेच्या पुलापलीकडे दोरांचं एक जुनं दुकान आहे. चाचा म्हातारे, पांढरी टोपी, दुकानभर लाल-निळा नायलॉन. अंबाडी म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"अंबाडी आता कोन लावते बाई? बैल घेतले का?"

"नाही चाचा. मांजरीसाठी पाहिजे."

ते इतके हसले की आतून त्यांच्या सूनबाई बघायला आल्या. मग माळ्यावर चढून धूळ भरलेली मोठी गुंडी काढून दिली आणि बजावलं, "मांजर को बोलना, ये आखरी माल है."

खोड आणायला मामाजी एकटेच गावी गेले. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं यायचं ठरलं होतं. संध्याकाळची गाडी आली, मामाजी नाहीत. हे स्टँडवरून परत आले आणि दारातच उभे राहिले. गावात फोन एकाकडेच, तो कोणी उचलेना. आम्ही दोघंही स्कूटरवर बसून पुन्हा स्टँडवर गेलो. पुढची गाडी आली आणि तिच्या टपावरून हमालानं आधी खोड खाली दिलं, मागून मामाजी उतरले. आधीच्या कंडक्टरनं ओंडका चढवू दिला नव्हता, एवढंच झालं होतं. मी काय बोलले असेन? म्हटलं, "त्याला किती चिखल लागलाय, तो आता माझ्या घरात येणार!" आणि चिखलावरून मी रिक्षा मिळेपर्यंत त्यांना बोलत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून हॉलचा गोठा झाला. जुन्या जात्याच्या खालच्या दगडात खोडाचं टोक तासून बसवलं. असं घट्ट, की मी धक्का दिला तर मीच हलले. मग मामाजी दोर गुंडाळायला बसले. मी शाळेतून आले तेव्हा काम झालं होतं. एकाला एक चिकटून असे वेढे, की मध्ये सुई जाऊ नये. आणि सगळा खांब चमकत होता.

मांजर आली. हुंगलं. दोन पावलं मागे सरली आणि सोफ्याकडे गेली.

असं रोज व्हायला लागलं. मामाजी तिला उचलून खांबापाशी ठेवायचे, तिचे पंजे धरून दोरावर घासायचे. ती घसरायची आणि निघून जायची. मामाजींचं जेवण कमी झालं. "शहरात येऊन मांजरबी माजली," एवढंच म्हणायचे. ह्यांनी तोंड उघडलं नाही, पण एक रविवार टळला तरी दुसरा जवळ येत होता आणि बडनेऱ्याचं ते बोलणं कोणी मागे घेतलं नव्हतं.

मी एकदा केर काढताना खांबाला हात लावला तर तळवा गुळगुळीत झाला. नाकाशी नेला. एरंडेल.

"मामाजी, दोराले तेल काहून लावलं?"

"नवा दोर हाय," ते म्हणाले, जसं काही मी भात शिजवताना पाणी का घालतात ते विचारलं. "चांगलं मुरवून तेल लावाव लागते. नाही त मान सोलून निघते."

आणि थांबले. मी खांबाकडे बघितलं, त्यांनी खांबाकडे बघितलं. बैलाची मान कुठं होती तिथं? जन्मभर नव्या दोराला तेल लावलेला हात, बैल गेले तरी हात थोडाच विसरतो. त्यांनी चांगला चोळून चोळून तो दोर मऊ केला होता, कोणाला काचू नये म्हणून, आणि मांजरीला नेमकं काचणारंच पाहिजे होतं. आधी त्यांचे खांदे हलले. मग ते मोठ्यानं हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही केरसुणी धरून हसत बसले.

दोर उलगडला. गुंडीत कोरडा दोर पुष्कळ होता, तो आम्ही दोघांनी मिळून गुंडाळला, मी ओढून धरायची, ते वेढे बसवायचे. खांब सोफ्याच्या डाव्या हाताशी उभा केला. मांजरीनं हुंगलं, मागच्या पायांवर उभी राहिली, लांब ताण दिला आणि नखं रुतवली. कर्र कर्र असा आवाज सगळ्या घरात गेला. ती थांबेचना. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सोफ्याकडे तिनं पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. रविवारी हे तिला मांडीवर घेऊन पेपर वाचत बसले.

मी खूश होते. आता प्रश्न मिटला असं धरून चालले होते. आणि सोमवारी शाळेला सुट्टी होती म्हणून घरात होते, नाहीतर मला संध्याकाळी चिठ्ठीही मिळाली नसती. मामाजी धोतर नेसून, टोपी घालून बाहेरच्या खोलीत आले. हातात बाजाराची थैली, आत कपडे.

"निघतो सूनबाई. मांजर रमली आता. तिचीच काळजी होती."

इतके दिवस मला वाटत होतं की मांजर राहिली तर मामाजी राहतील. आणि ते तिला इथे पोचती करून मोकळे व्हायच्या बेतात होते. हे कचेरीत गेले होते. बोलायला मीच होते. मी दारात आडवी उभी राहिले.

"मामाजी, तुमी जाऊ नका. मले भेव वाटते."

"काहाचं भेव?"

"तुमी तिथं एकटे. माळ्यावर फवारणीचं औषध हाय. तुमी सोताले काही करून घ्यान, याचं भेव वाटते. तुमच्या पोरालेबी वाटते. रोज वाटते. आमी बोलत नाही."

बोलून गेले आणि वाटलं, आता काय होईल. सासऱ्याला असं बोललेली सून आमच्या खानदानात झाली नसेल. मामाजी तिथंच खाली बसले, जमिनीवर. थैली मांडीवर घेतली.

"मलेबी थेच भेव वाटे," ते म्हणाले. "सोताचंच. रात्री माळ्याकडं पाहो, अन् मंग पाहणं बंद करो. कोणाले सांगाव? मांजरीले सांगे. पोराचा फोन आला अन् मी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसलो, थे काय डोयासाठी?"

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी थैली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "धोतरं धुवाले टाक."